घरच्या नावाने हाक

माझा पहिला चष्मा आमच्या समोरच्या घरातल्या मुलीने केला. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात आतल्या काळोख्या खोलीत बसून ती नंबर तपासायची, म्हणून सगळी गल्ली तिला चष्मेवालीच म्हणायची. तिने मला उंच स्टुलावर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवली आणि एकेक भिंग घालत विचारायला लागली, "हे स्पष्ट की आधीचं? बघा नीट. घाई नाही."

आम्हा बायकांना घरात इतक्या वेळा कोणी आमचं मत विचारत नाही. मी हरखून गेले आणि येईल त्या भिंगाला छान म्हणत सुटले. तिने आणखी एक घातलं. मी म्हटलं, "अगंबाई, आता कसं लख्ख दिसतंय!"

"काकू," ती शांतपणे म्हणाली, "ही साधी काच आहे. हिच्यात नंबरच नाही."

ही साध्या काचेची युक्ती तिला दुकानाच्या मालकांनी शिकवलेली. शाळेतल्या मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून आपल्यालाही हवा असणाऱ्या मुली, सुनेने लक्ष द्यावं म्हणून दिसत नाही म्हणणारे आजोबा आणि माझ्यासारख्या होयबा बायका या काचेत बरोबर सापडायच्या. साधी काच घालूनही जो शेवटची बारीक ओळ वाचतो त्याला हसून घरी पाठवायचं. त्याचे डोळे ठणठणीत.

तिच्या हातात घाई कधीच नव्हती. लहानपणी शाळेला निघताना एका बुटाची नाडी बांधेपर्यंत तिचा दादा कोपऱ्यावर पोहोचलेला असायचा. घरात तिचं नाव पडलं गोगलगाय. "गोगलगाय, ताटं घे. गोगलगाय, दार बघ." बाहेर मात्र तिची आई तिला बाप्तिस्म्याच्या पूर्ण नावाने हाक मारायची, आणि तीही अशी की चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्यांनी वळून बघावं. घरचं नाव चारचौघांत काढायचं नाही, असा त्या घरचा दंडकच होता. आमची दारं एकाच जिन्यावर समोरासमोर आहेत आणि भिंती पातळ आहेत, म्हणून मला माहीत.

तर ही मुलगी लहान असताना एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सकाळची उपासना, संपली, सगळे बाहेर पडले आणि ही नेहमीसारखी मागे राहिली. रिकाम्या चर्चमध्ये बाकाखाली वाकून नाडी बांधत होती. तेवढ्यात वेदीच्या बाजूने जड, घुमणारा आवाज आला, "गोगलगाय, इकडे ये."

ती उठली, हात जोडले आणि वेदीपर्यंत गेली. तिथे कोणी नव्हतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिची एक नाडी सुटलेली होती आणि चेहरा असा झाला होता, की आईने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिने मनाशी हिशोब मांडला तो लहान मुलीचा, पण पक्का. चर्चमध्ये आपल्याला गोगलगाय कोण म्हणणार? ते नाव फक्त घरात माहीत. म्हणजे ज्याला घरातलंही सगळं माहीत असतं, त्यानेच हाक मारली. त्या दिवसापासून तिने ठरवलं, मी मठात जाणार. मी सिस्टर होणार.

आई विधवा होती आणि चर्चमध्ये तिला मान हवा होता. तो या मुलीने मिळवून दिला. "माझी ही लेक मी देवाला दिलीय," हे वाक्य ती इतक्या जणींना ऐकवायची की तिची जागा आपोआप पहिल्या बाकावर सरकली. फादर तिची विचारपूस करायचे. जपमाळेची सुरुवात तिच्याकडे आली.

द्यायचं बोलून झालं होतं. प्रत्यक्ष देणं काही होत नव्हतं.

शाळा संपली तेव्हा चष्मेवालीने मठाचा विषय काढला. आई म्हणाली, "दादाचं शिक्षण होऊ दे." दादा नोकरीला लागला तेव्हा, "त्याचं लग्न होऊ दे. घरात बाईमाणूस येऊ दे." बाईमाणूस आलं. ती वहिनी सकाळी डबा घेऊन कामाला जायची ती संध्याकाळी यायची, आणि मग वहिनीचं बाळ आलं. त्याला सांभाळायला दुकानातून परतलेली आत्या होतीच. आईने आता देवाच्या खुणा बघायला सुरुवात केली. मठात भेटायला जायच्या दिवशी बाळाला ताप आला, ती खूण. बस चुकली, ती खूण. छत्री मोडली, तीसुद्धा.

"आई, छत्री जुनी होती," चष्मेवाली म्हणाली.

"देवाला जुन्या छत्रीतून बोलता येत नाही असं तुला वाटतं का?" आईने विचारलं. 

मधे तिला मागणीही आली होती. दुकानाला भिंगं पुरवणारा एक माणूस होता, सरळ, थोडा तोतरा. त्याने आपल्या मावशीला पाठवलं. आईने मावशीला चहा दिला आणि कानाला हात लावले. "छे छे! ती देवाची आहे हो. तिच्यावर नजर टाकणं म्हणजे पाप." मावशी ओशाळून गेली. त्याच आठवड्यात मठातून विचारणा आली तेव्हा हीच आई फादरना म्हणाली, "तिची अजून खात्री होत नाहीये हो. मी काय जबरदस्ती करू?"

तिचं मन त्या तोतऱ्या माणसाकडे ओढलं होतं का, हे मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "थोडंसं. म्हणूनच कळलं ना, की दुसरीकडे जास्त ओढतंय."

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती कोणाला न सांगता मठात गेली. नव्याने येऊ पाहणाऱ्या मुलींची पारख करायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे. बाई अंगाने काटकुळी, आणि बोलणं सुरीसारखं. बसायलाही न सांगता त्यांनी विचारलं, "तुला मठात यायचंय की घरातून जायचंय?"



"उत्तर घेऊन ये," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि उठल्या.

ती घरी आली आणि कित्येक महिने पुन्हा गेली नाही. भांडी घासताना, बाळाचे लंगोट वाळत घालताना, भिंगं पुसताना ती तोच प्रश्न स्वतःला विचारत होती. हे स्पष्ट की ते? पुन्हा गेली ती हे सांगायला की, "दोन्ही आहे. घरातून जायचंय हे खोटं नाही. पण घरातून जायला लग्नही पुरलं असतं, ते मला नको होतं." मग तिने लहानपणीची हाक सांगितली. तेव्हा त्या कोरड्या बाईचे डोळे भरून आले म्हणे. "घरच्या नावाने!" त्या पुटपुटल्या. "घरच्या नावाने हाक मारली!" आणि तिला मठात घ्यायचं ठरलं.

मोठ्या सिस्टरांनी ती गोष्ट फादरना सांगितली आणि फादरनी रविवारी प्रवचनात. नाव घेतलं नाही, गोगलगायीच्या जागी 'एक साधं, लाडाचं नाव' म्हणाले. सगळं चर्च गहिवरलं. मी चष्मेवालीच्या घरच्यांच्या मागच्याच बाकावर होते. चष्मेवाली खाली मान घालून बसली होती. आई ताठ होती. आणि आईचा भाऊ, म्हणजे तिचा मामा, तोंडावर रुमाल धरून होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. मला वाटलं, रडतोय बिचारा.

मामा हा त्या घरातला विनोदी माणूस. चर्चमधल्या मेणबत्त्या आणि पितळी सामान यांची देखभाल त्याच्याकडे. लग्नघरी, मयतीला, कुठेही त्याच्याभोवती चारजण हसत असायचे. नकला सुरेख करायचा.

मठात जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी निरोपाचं जेवण ठेवलं. समोरची म्हणून मलाही बोलावलं होतं. स्वयंपाक अर्थातच चष्मेवालीने केला होता. तिची छोटी ट्रंक दाराशी तयार होती आणि बाळ तिच्यावर बसून टाचा आपटत होतं.  आईच्या खुणा आता संपल्या होत्या, छत्रीही नवी होती.

जेवणं होत आली तेव्हा वहिनी म्हणाली, "आता बाळाला कोण बघणार, काही कळत नाही बाई."

"देव बघेल," दादा म्हणाला. "आपली माणसं नेतोय तर बदलीची पाठवेल."

सगळे हसले, चष्मेवालीपण हसली. मग आईने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि भावाकडे बघून म्हणाली, "सांगून टाक तिला. मी आता मनावर ओझं ठेवणार नाही."

"काय सांगून टाक?" मामा चपापला.

"तेच. हाकेचं."

मामाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा ट्रंककडे. त्याला वाईट वाटलं असेल असं मला अजून वाटतं. पण समोर माणसं बसली होती आणि सांगण्यासारखा किस्सा होता. त्याला राहवलं नाही. त्याने हाताचा कर्णा केला आणि पोटातून जड, घुमणारा आवाज काढला, "गोगलगाय, इकडे ये."

बाळाने टाचा आपटणं थांबवलं.

"मेणबत्त्यांच्या खोलीत होतो मी," मामा सांगू लागला, आणि सांगता सांगता रंगला. "दाराच्या फटीतून बघतो तर ही एकटीच, बाकाखाली. म्हटलं, जरा गंमत करावी. तर ही आली की हो! हात जोडून! सरळ वेदीकडे! मी दाराआड तोंडात बोळा कोंबून बसलोय. बाहेर पडायची चोरी!"

दादाला आधीच माहीत होतं. तो डोळे पुसत हसत होता. वहिनीला लग्न झाल्यावर कधीतरी सांगितलेलं, म्हणून तीही. त्या घरात ही गोष्ट इतकी वर्षं हिच्या पाठीमागे चघळली जात होती. ही दुकानात असताना, ही स्वयंपाकघरात असताना, ही चर्चमध्ये गुडघ्यांवर असताना. मला त्या रविवारचा मामाचा रुमाल आठवला आणि मी घास परत ताटात ठेवला.

"प्रवचनाच्या वेळी तर मेलोच होतो मी!" मामा म्हणाला.

चष्मेवालीने विचारलं, "आई, तुला कधीपासून माहीत?"

"त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्याने. अगं, पोरखेळ होता तो! आम्हाला वाटलं विसरशील." आई तिच्या हातावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाली, "म्हणून म्हणते, नीट विचार कर. देवाने बोलावलेलंच नसेल तर जाऊन काय करणार तू तिथे? आपलं घर आहे. इथे तुला कोणी जा म्हणतंय का?"

तिने हात सोडवून घेतला आणि ताटं उचलली. नळाखाली नेऊन ठेवली, पण घासली मात्र नाहीत. आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक घेऊन मठात गेली. गप्प राहिली असती तर त्याच दिवशी आत गेली असती. हाक कोणाची होती ते जगात पाच-सहाजणांना माहीत होतं आणि त्यातलं कोणी मठात येऊन सांगणार नव्हतं. पण तिने ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवली आणि मोठ्या सिस्टरांना सगळं सांगितलं. मामा, मेणबत्त्यांची खोली, दाराआडचा बोळा, सगळं.

मोठ्या सिस्टर लाल झाल्या. ती गोष्ट त्यांनी नवशिक्या मुलींना सांगितली होती, वरच्या मदरना सांगितली होती, फादरांकडून साऱ्या गावाला ऐकवली होती.

"ही आम्हाला सांगायची वेळ आहे?"

"मला कालच कळलं."

"मग काल रात्रभर तू काय ठरवलंस? तुला देवाचं पाचारण आहे की नाही?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"ज्याच्या जोरावर तू आलीस ते तर गेलं. आता घरी जा. आम्ही थट्टेवर मठ चालवत नाही." आणि दार लागलं. आवाजसुद्धा न करता लागलं, असं ती मला नंतर म्हणाली. नीट तेल दिलेलं दार होतं.

ती घरी परतली तेव्हा मी जिन्यातच होते. ट्रंक एका हातातून दुसऱ्या हातात घेत ती वर चढली. आईने दार उघडलं. ट्रंककडे बघितलं. आश्चर्य वगैरे काही नाही.

"आलीस? बरं झालं. कालची भांडी पडलीत."

तिने भांडी घासली.

दुकानातही काही वेगळं झालं नाही. मालकांनी तिच्या जागी अजून कोणाला बघितलंच नव्हतं. "मला खात्री होती," ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आमच्या चष्मेवालीचा देवाने अर्ज नामंजूर केला!" गिऱ्हाइकं हसली. संध्याकाळी घरी मामा आला की लाडात येऊन त्या जड आवाजात हाक मारायचा, "गोगलगाय, पाणी आण." आता लपवायचं काही उरलंच नव्हतं ना. बाळ पण ते शिकलं. छातीतून आवाज काढून म्हणायचं, "गोदलगाय!" आणि घरभर हशा. ती पाणी आणून द्यायची. तिने जपमाळ सोडली नव्हती, सकाळची मिस्साही नाही. आई मैत्रिणींना सांगायची, "परत आली हो माझ्यासाठी. आईचं मन तिला मोडवेना."

असे दिवस चालले असताना दुकानात एक शाळकरी मुलगी आली. मैत्रिणीसारखा निळ्या फ्रेमचा चष्मा हवा म्हणून पंधरा दिवस डोकं दुखत असल्याचं नाटक करत होती. आई सोबत. चष्मेवालीने नेहमीसारखी भिंगं बदलली आणि शेवटी साधी काच घातली. मुलगी नाटक विसरली आणि सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ धडाधड वाचून गेली.

"हिच्यात काही नाहीये," चष्मेवाली तिच्या आईला म्हणाली. "साधी काच आहे. ती आपल्या डोळ्यांनीच वाचतेय."

हे वाक्य तिने आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल, पण त्या दिवशी ते बोलून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली. मुलीच्या नाकावरची फ्रेम काढायची राहिली. मुलगी म्हणाली, "ताई, कान दुखतायत."

ट्रंक पलंगाखाली तशीच होती, उघडलेली नव्हती. त्या आठवड्यातल्या सुट्टीला सकाळी तिने ती बाहेर ओढली. आई जपमाळ घेऊन बसली होती. "कुठे?"

"मठात."

"पुन्हा? आता कोणी हाक मारली?" आईने विचारलं, आणि आतून दादाने लगेच तो जड आवाज काढला. ती नाडी बांधत होती. सावकाश, दोन्ही बुटांची. बांधून झाल्यावर उठली आणि गेली. तिने मागे वळून काही सुनावलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. पण ती तशी नव्हती.

मठाचं दार मोठ्या सिस्टरांनीच उघडलं. बाह्या वर केलेल्या, हात ओले.

"तू? कोणी बोलावलं तुला?"

"कोणीच नाही. मी आपण होऊन आलेय."

"हाक वगैरे काही?"

"काही नाही. ती खोटी होती. पण एवढी वर्षं मी जे मागत होते ते मीच मागत होते, आणि अजून तेच मागतेय."

 मोठ्या सिस्टरांनी बाजूला होऊन दार धरलं आणि त्यांच्या त्याच सुरीसारख्या आवाजात म्हणाल्या, "ये आत. सकाळची भांडी पडलीत."

हे मला सांगताना चष्मेवाली इतकी हसली की तिला बोलवेना. तिथे तिचे सुरुवातीचे दिवस सोपे गेले नाहीत. सावकाशपणावरून तिथेही बोलणी खावी लागली, आणि मोठ्या सिस्टरांनी तिला ती थट्टा पुढे कित्येक दिवस विसरू दिली नाही. जरा चुकलं की, "ही आमची मामाने पाठवलेली." पण काही वर्षांनी तिला सिस्टर होण्याची व्रतं द्यायची की नाही हे ठरवायची वेळ आली तेव्हा तिच्या बाजूने सगळ्यात आधी बोलल्या त्या त्याच.

व्रताच्या दिवशी आई पहिल्या बाकावर होती, नवा झगा, केसांत जाळी. शेजारी मामा, आता थोडा वाकलेला. मिस्सा संपल्यावर मठाच्या आवारात चहा होता. आईभोवती बायकांचा घोळका जमला होता आणि आई सांगत होती, "एवढीशी होती हो. रिकामं चर्च. आणि देवाने हाक मारली, तीही घरच्या नावाने! बाहेर कोणालाही माहीत नसलेलं नाव. विचारा माझ्या भावाला. तो तिथेच होता मेणबत्त्या लावत." मामाने गंभीरपणे मान हलवली. मी हातातला कप घट्ट धरला.

एक बाई भारावून नव्या सिस्टरकडे वळल्या. "खरंच का हो सिस्टर? देवाने प्रत्यक्ष हाक मारली?"

"नाही," चष्मेवाली म्हणाली. तिने कपातली साखर सावकाश ढवळली. "माझ्या मामाने मारली होती. दाराआडून."

सगळा घोळका खळखळून हसला. काय विनोदी आहेत हो तुमच्या सिस्टर! मामावर गेल्यात! आई सगळ्यांत मोठ्याने हसत होती, लेकीच्या पाठीवर थोपटत.

मामा तेवढा हसला नाही. तो कप ठेवायला जागा शोधत होता.